अस्लम, तुझी बोली राहिली

अस्लम, तुला माती देऊन आम्ही साताऱ्याला पोचलो, तेव्हा सईनं चप्पलही काढली नव्हती. दारातच तिनं विचारलं, "बाबा, काका तुम्हाला काही बोलले होते का? पुणं की केरळ?"

मी म्हणालो, आधी पाणी पी.

"तुम्हाला काय वाटतं" असं तिनं विचारलं नाही, याची नोंद मी त्याच वेळी घेतली. सवय आहे. कोण काय बोललं याच्याइतकंच कोण काय बोललं नाही हे पाहायला वृत्तपत्रात शिकवतात.

तुझ्या निधनाची बातमी मी लिहिली नाही. सांगलीच्या वार्ताहरानं पाठवली. वय, हळदीचा व्यापार, मागे कोण कोण, सगळं बरोबर होतं. मी फक्त 'मनमिळाऊ' हा शब्द काढला. तू मनमिळाऊ नव्हतास. तू भांडायचास, आणि लोकांना तुझं भांडण आवडायचं. मी कुणाशी भांडत नाही, आणि त्याबद्दल मला आजवर कुणी चांगलं म्हटलेलं नाही.

इथं त्या बातमीतलं काही लिहिणार नाही. जे राहिलं तेवढंच लिहितो.

राहिलं ते असं. सईला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे. दोन विद्यापीठांनी तिला घेतलं आहे. एक पुण्याचं, जिथं मी पत्रकारिता शिकलो. दुसरं केरळातलं, जिथं हळदीच्या आणि आल्याच्या रोगांवर काम चालतं. कुठं जायचं ते याच आठवड्यात कळवायचं होतं. आणि तिनं ठरवून टाकलं होतं की तुझं मत ऐकल्याशिवाय ती काही कळवणार नाही. ते मत तू रविवारी देणार होतास. गुरुवारी सकाळी दुकानात बसल्या बसल्या तू गेलास.

तुझं मत कशासाठी, हा प्रश्न मला पडला होता, हे आता तुला सांगायला हरकत नाही. आपण सांगलीत एकाच बाकावर बसून बी.एस्सी. झालो. पुण्याला दोघांनाही जागा मिळाली होती. मला पत्रकारितेला, तुला एम.एस्सी.ला. तुझ्या अब्बांची तब्येत बिघडली, दुकान बघायला कुणी नव्हतं, तू राहिलास. मी गेलो. पुढं तू माझ्या तिप्पट माणसं जोडलीस, तुझ्या घरी कायम पंगत असायची, तुझ्या गाडीच्या सीटा हळदीनं पिवळ्या झाल्या होत्या तरी लोक तिच्यात दाटीवाटीनं बसायचे. पदव्युत्तर शिक्षण ही एकच गोष्ट होती जिच्यात मी तुझ्या पुढे होतो. आणि माझी मुलगी नेमका त्याच गोष्टीचा सल्ला तुला विचारत होती.

"पुण्याला जाऊन काय शिकलास रं तू?" हे तू मला दर दोन-चार महिन्यांनी विचारायचास. "दुसऱ्यानं लिहिल्यालं खोडायला."

"आणि तू न जाऊन?"

"दुसऱ्यानं पिकवल्यालं इकायला. बरोबरी झाली की गड्या."

बरोबरी झाली असं मला कधी वाटलं नाही. तुला वाटायचं की नाही, ते मला कळलं नाही. न गेल्याचं तुला वाईट वाटतं का, असं मी एकदा सरळ विचारलं होतं. तू म्हणालास, "गेलो असतो तर तुझ्यासारखा चष्मा लागला असता." हे उत्तर होत नाही. मी पुन्हा विचारणार होतो.

सईला हळदीकडे वळवलंस तूच. ती शाळेत होती तेव्हा दुकानामागं नेऊन तू तिच्या हातावर कुजलेला गड्डा ठेवलास. "वास घे."

"ई! घाण!"

"घाण हाय तर. पर का घाण हाय? वरनं पाला पिवळा पडतो, आन् उपटंस्तवर आत ह्यो असा लगदा. कंदकुज म्हणत्यात. आख्खी शेतं जात्यात. शोध काढ की जरा."

घरी येऊन तिनं तीनदा हात धुतले आणि जेवताना कंदकुजीशिवाय दुसरं काही बोलली नाही. मी रोज संध्याकाळी वृत्तपत्राचं जे पान लावायचो ते कसं लागतं, हे तिनं मला कधी विचारलेलं नाही. तेव्हा मी तुझ्यावर हसलो होतो. हसण्याखाली काय होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

दोन्ही विद्यापीठांची पत्रं आल्यावर मी माझ्या पद्धतीनं काम केलं. प्राध्यापक कोण, प्रयोगशाळा कशी, पुढे संशोधनाला वाव किती, आधीच्या विद्यार्थ्यांचं काय झालं. माहिती दोन-दोन ठिकाणांहून पडताळली. तक्ता केला, छापून सईला दिला. तिनं वाचला, "छान झालाय" म्हणाली, आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

तू काय केलंस? तिकडच्या एका हळद व्यापाऱ्याला फोन लावलास. त्याचा कुणी भाचा त्या विद्यापीठाच्या आवारात जाऊन आला. त्यानं कँटीनची चित्रफीत पाठवली. ती तू आमच्या बैठकीत सगळ्यांना दाखवलीस.

"सांबार पातळ हाय," तू म्हणालास. "पर पोरी हसत्यात बघ. मागची ती, डबा घिऊन चाललीया ती, एकटीच हाय तरी हसतीया."

"ही काय माहिती झाली?" मी म्हणालो.

"तुझ्या तक्त्यात हाय का ही?"

सई ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत होती. माझा तक्ता तिच्या कपाखाली होता. तू बरोबर होतास असं मी म्हणत नाही. अकरावीला तू तिला गणित सोडायला सांगितलंस ते साफ चुकलं, ते नंतर तिला वर्षभर भरून काढावं लागलं, आणि तेव्हाही तिनं तुला एका शब्दानं दोष दिला नाही. माझी एक चूक झाली की ती वर्षानुवर्षं ऐकवते.

मग तो शेवटचा रविवार. तुझे पोहे खाऊन झाले आणि तू माधुरीला म्हणालास, "वहिनी, तुमचा एक टॉवेल द्या जरा. स्वच्छ बघून."

पूर्वी सांगलीत हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार हातात हात देत, वरून रुमाल टाकत, आणि खरेदीदार बोटं दाबून आपला भाव सांगे. भोवती माणसं उभी असत, पण कुणी किती बोली दिली हे फक्त अडत्याला कळे. आता सौदे उघड होतात. पण अब्बांनी तुला ती बोटं शिकवली होती, आणि तू ती सईला शिकवली होतीस. मला कधी शिकवली नव्हतीस. मी मागितलीही नव्हती.

तू तिचा हात टॉवेलखाली घेतलास. "दहा म्हंजी पुरं मन. एक म्हंजी नाइलाज. सांग, पुणं किती?"

टॉवेल हलला. तू मान डोलावलीस.

"आन् केरळ?"

टॉवेल पुन्हा हलला. तू मोठ्यानं हसलास, ती पण हसली. मी समोरच्या खुर्चीवर होतो. खुर्ची माझी, टॉवेल माझ्या घरचा, मुलगी माझी. माहिती काढणं हा माझा व्यवसाय आहे.

"किती?" मी विचारलं.

"बातमीदार, ह्यो सौदा बंद हाय."

"माझी मुलगी आहे ती."

"व्हय की. पर बोटं तिची हायत."

सई म्हणाली, "काका, आता तुमची बोली."

"माझी फुडच्या रविवारी. लय मोठा माल हाय ह्यो. इचार करू दे की जरा."

तू गेल्यावर मी तिला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "बाबा, रुमालाखालचं विचारत नसतात." हे तुझं वाक्य होतं. तुझ्याच आवाजात म्हणाली.

गुरुवारी तुझ्या घरी मी पुरुषांत उभा होतो, चपलांच्या ढिगाजवळ. बाजारातली माणसं एकमेकांना सांगत होती, हे सातारचे पत्रकार. आपण तीस वर्षांचे दोस्त आहोत हे तिथं फार थोड्यांना माहीत होतं. सई आत बायकांत होती. कब्रस्तानातून परत आलो तेव्हा रेहानाभाभी कुणा पाहुणीला सांगत होत्या, "ही आमची सई." ती त्यांच्या खांद्यावर रडली, हे मला नंतर माधुरीकडून कळलं. माझ्यासमोर रडली नाही. जनाज्याला खांदा दिला तेव्हा मला दुःख झालं, ते खरं आहे. आणि 'आमची' हा शब्द ऐकून जे झालं, तेही खरं आहे. दोन्हींत कमी-जास्त ठरवायला मी बसलो नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सांगलीला आलो. कबरीवर दुआ मागून जियारत झाली होती, पाहुणे जेवून निघत होते. अब्बा दिवाणावर बसले होते. सई त्यांच्या पायाशी खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. पुणं, केरळ, टॉवेल, रविवार. शेवटी म्हणाली, "अब्बा, काकांची बोली राहिली. ते काय म्हणाले असते? तुम्हाला तरी माहीत असेल."

अब्बांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बेटा, सौद्याला जो उभा न्हाई त्याची बोली धरत न्हाईत. कवाच न्हाई. सख्ख्या भावाची असली तरी."

"पण ते सांगणार होते."

"सांगणार व्हता. सांगितली न्हाई. आता ती त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बापाची घेतलीस का बोली?"

"बाबा बोली देत नाहीत. ते तक्ता देतात."

रेहानाभाभी हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण हसू आल्याबरोबर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. अब्बांनी माझ्याकडे बघितलं.

"काय रं संजू? जगाचं सारं छापतोस, आन् घरात मुका?"

मी काही बोललो नाही. त्यावर खोलीतले सगळे पुन्हा हसले. तुझ्या घरात दुःखातसुद्धा हसतात. हेही माझ्या घरात होत नाही.

परतीच्या एसटीत सई खिडकीशी बसली. इस्लामपूर येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग मान न वळवता म्हणाली, "बाबा, खरंच काका तुम्हाला काहीच बोलले नव्हते?"

अस्लम, माझ्याकडे वाक्य तयार होतं. 'बुधवारी फोन आला होता त्याचा. म्हणाला, पोरीला पुण्याला पाठव.' गुरुवारी दारात तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हापासून तयार होतं. तुझ्या तोंडी शोभेल असं वाक्य. कुणी नाकारणार नव्हतं. नाकारू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी स्वतःच्या हातानं माती दिली होती. ती पुण्याला गेली असती. दर शनिवारी घरी आली असती. मला जे हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं.

ते वाक्य मी बोललो नाही. न बोलण्याचं कारण धंद्याची शिस्त होती असं लिहिता येईल. माणूस जे बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही, हे मी नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. पण त्या वेळी मला शिस्त आठवली नाही. मला दिसलं ते वेगळंच. ती पुण्यात कुणाला तरी सांगते आहे: मला काकांनी इथं पाठवलं. पुढे नोकरी लागल्यावर सांगते आहे, लग्नात सांगते आहे, तिच्या मुलांना सांगते आहे. वाक्य माझं, खटपट माझी, आणि नाव तुझं. तू नसतानाही तूच पाठवणारा. ते मला सहन झालं नाही. माझ्या खरं बोलण्यामागं तेवढंच होतं.

"काही बोलला नाही तो," मी म्हणालो. "मी बोलतो. पुण्याला जा."

तिनं मान वळवली. "का?"

"शिक्षक चांगले आहेत."

"ते तक्त्यात होतं. का?"

"जवळ आहे."

"कुणाला?"

पेठनाक्याला गाडी थांबली. माणसं चढली, उतरली. कंडक्टरनं घंटी मारली.

"मला," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तुझ्याकडे बघायची तशी, असं म्हणणार नाही. पण बघत राहिली.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"तुम्हाला विचारलं की तुम्ही दोन्ही बाजू सांगता. आणि मी काही बोलले की गप्प होता. तुमच्याशी भांडता येत नाही, बाबा. भिंतीवर बॉल टाकला तर निदान परत तरी येतो." मग तिचा आवाज बदलला. "काकासुद्धा पुण्याचंच म्हणणार होते."

"तुला काय माहीत?"

"मी केरळला दहा बोटं दिली होती. ते हसले, पण जाताना फाटकाशी म्हणाले, लय लांब हाय गं ते. तेव्हाच मला कळलं रविवारी काय म्हणणार. मी आठवडाभर उत्तरं तयार करत होते. ते काय काय म्हणतील आणि मी काय काय म्हणेन. सगळी पाठ आहेत." आणि आता ती रडली. माझ्या समोर, एसटीत, पदर नाही, रुमाल नाही, ओढणीला नाक पुसत. "आता ती उत्तरं कुणाला देऊ मी?"

म्हणजे तुझी आणि माझी बोली एकच होती. निदान सईचं म्हणणं तसं आहे. त्याला दुसरीकडून दुजोरा मिळालेला नाही आणि मिळणार नाही. तिला तुझी परवानगी नको होती. तुला वादात हरवून मग केरळला जायचं होतं. एवढे दिवस मी ज्याचा हेवा करत होतो तो तुझा सल्ला नव्हताच. भांडायला लायक माणूस म्हणून तिनं तुला निवडलं होतं.

मी म्हणालो, "मला दे."

"काय?"

"उत्तरं. लय लांब हाय ते. दे उत्तर."

ती सावरून बसली. "रेल्वे आहे. मिरजेला उतरलं की पुढं एसटीनं घर."

"आजारी पडलीस तर?"

"पुण्यात आजारी पडले तर तुम्ही येणार आहात का? रात्रपाळी सोडून?"

"येईन."

"माझ्या बक्षीस समारंभाला आला होतात?"

"बक्षीस दुसऱ्या क्रमांकाचं होतं."

"विषय बदलू नका!"

ती ओरडली. मी पण ओरडलो. भाषा येत नाही तुला, मी म्हणालो; शिकेन, ती म्हणाली. पुण्याचं नाव मोठं आहे. नाव घेऊन काय करू, कंदकुज तिथं कुणी बघतसुद्धा नाही. तिथं तुझं कुणी नाही. इथं तरी कोण आहे, काका गेले. त्यावर मी पाण्याची बाटली पुढं केली, ती प्यायली, आणि दोघंही पुन्हा सुरू झालो. कराडला मागच्या सीटवर एक आजी येऊन बसल्या होत्या. त्यांनी वाकून मला सांगितलं, "आवं, जाऊ द्या की पोरीला. माझा नातू तिकडंच हाय, मिल्ट्रीत. भात खाऊन खाऊन जाडा झालाय, दुसरं काय वाईट न्हाई झालं."

"बघा," सई म्हणाली.

"तुमी गप बसा वो आजी," मी म्हणालो. असं मी आयुष्यात कुणाला बोललेलो नाही. आजी अजिबात रागावल्या नाहीत. उलट त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

उंब्रज गेलं, नागठाणे गेलं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझा घसा बसला होता आणि माझ्याकडचे मुद्दे संपले होते. तिच्याकडे अजून होते. दुसऱ्या दिवशी तिनं केरळला होकार कळवला. कळवण्याआधी मला विचारलं नाही, कळवल्यावर सांगितलं. मी म्हणालो, चुकते आहेस. ती म्हणाली, बघू. तिकीट काढलं आहे. मिरजेला सोडायला रेहानाभाभी येणार आहेत, आणि वाटेतला डबा त्याच देणार आहेत, आम्ही नाही, हेही ठरलं आहे. त्याचं मला काय वाटतं ते तुला कळेल.

तू असतास तर हे भांडण रविवारी आमच्या बैठकीत झालं असतं. ती तुझ्याशी भांडली असती, तू हरला असतास, हरताना भरपूर हसला असतास, आणि मी समोरच्या खुर्चीवर बसून ते ऐकलं असतं. तू गेलास म्हणून ती जागा रिकामी झाली, आणि मला मिळाली. हे कुणाला बोलून दाखवण्यासारखं नाही, म्हणून तुला लिहितो.

तू परत यावंस असं मला रोज वाटतं. दुकान तुझं, माणसं तुझी, रेहानाभाभींच्या शेजारची जागा तुझी, सईचा 'काका' हा शब्द तुझा. ते सगळं जसंच्या तसं तुला परत मिळावं. फक्त पेठनाक्यापासून साताऱ्यापर्यंतचं ते भांडण मी तुला देणार नाही.